दहाची फेरी

१

“तिनं मला हाक मारली होती का?”

हा प्रश्न त्यानं तिघांना विचारला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि अशा वेळी वेदना फारशा होत नाहीत, असं काहीतरी भलतंच सांगितलं. आईनं तोंड फिरवून भांडी घासायला घेतली, तीही घासलेलीच. राहिले सुतारकाका. त्यांचं दुकान शेडला लागून, आणि ताई जमिनीवर पडलेली पहिल्यांदा त्यांनाच दिसली. त्यांनी हातातला रंधा दोनदा फळीवरून फिरवला आणि म्हणाले, “मशीन चालू होतं रे लेका. मशीन चालू असलं की मला माझा खोकलासुद्धा ऐकू येत नाही.”

म्हणजे हो की नाही? ते काही त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी दहाला त्यानं पानांचं पोतं घेऊन शेडवर पोहोचायचं ठरलं होतं. पण आदल्या दिवशी ताईनं त्याला दोन गिऱ्हाइकांसमोर झापलं होतं, म्हणून तो रुसून कोपऱ्यावरच्या दुकानात चहाचा तिसरा कप पीत बसला. वय बावीस, रुसवा सात वर्षांच्या पोराचा. पाऊण तास उशिरा, पोतं खांद्यावर टाकून, मनात तिला ऐकवायची दोन वाक्यं घोळवत तो वळणावर आला, तेव्हा शेडच्या दारात माणसं उभी होती आणि कुणीच बोलत नव्हतं.

डोक्यातली नस फुटली, असं म्हणाले. सकाळी दहाच्या सुमाराला.

ती दोन वाक्यं त्याला अजून पाठ आहेत. प्रश्नही तसाच, घशात माशाचा काटा अडकावा तसा.

२

शेड म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबट खोली. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला हातरुमालाएवढी खिडकी. भिंतीलगत ओळीनं नऊ पिंपं, कमरेच्या उंचीवर कापलेली. पिंपांत वाळकी पानं, पुठ्ठ्याचे तुकडे, छाटलेल्या फांद्यांचा चुरा, सुतारकाकांकडचा भुसा, आणि त्या सगळ्यात वाणी. तेच ते, काळे गुळगुळीत, शेकडो पायांचे, बोट लागलं की वेटोळं करून पैशासारखे पडून राहणारे किडे. लोक त्यांना झाडून बाहेर काढतात. ताईनं त्यांना घर दिलं. तीन-चार महिने ते पालापाचोळा कुरतडत बसायचे आणि मागे मोहरीएवढ्या गोळ्यांची काळी, भुसभुशीत माती ठेवायचे. त्या मातीत ताई टोमॅटो, मिरची, झेंडूची रोपं लावायची. दुसरं काही मिसळावं लागत नसे. तिची रोपं मरत नाहीत, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगायची.

“माझ्याकडे बारा हजार जण कामाला आहेत,” ती म्हणायची, “आणि एकही तुझ्यासारखा रुसत नाही, तडतड्या.”

तडतड्या हे तिनंच ठेवलेलं नाव. तव्यावर पाणी पडल्यावर उडतं तसा तू, म्हणायची. सातवीतून शाळा सोडलेल्या, हात लावील ते मोडणाऱ्या या भावाला कुणी दुकानात उभं करत नव्हतं, तेव्हा तिनं त्याला हाताशी धरलं. आकडे त्याला जमत नाहीत हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती आकडे सांगायचीच नाही. “मूठभर घे, पीळ. हाताला ओल लागली पाहिजे, थेंब पडता कामा नये. झालं तुझं गणित.” त्या गणितात तो कधी नापास झाला नाही.

ताईचा डावा पाय लहानपणीच्या तापात आखडला, तो कायमचा. उजवा पाय पडायचा, डावा मागून ओढत यायचा. टक्, फरर्. टक्, फरर्.

वाण्यांना कान नसतात म्हणे, पण जमीन थरथरलेली त्यांना कळते. शेडमध्ये शांत उभं राहिलं तर नऊ पिंपांतून त्यांच्या खाण्याचा आवाज यायचा, लांब कुठंतरी कुणीतरी पातळ कागद हळूहळू चुरगाळत असावं तसा. दुसरं कुणी आत आलं की तो आवाज झटकन बंद. तडतड्या आला तरी बंद. ताईचं मात्र उलट. दहा वाजले की ती पिंपांना पानं घालायला निघायची, आणि ती ज्या पिंपाशी जाईल तिथला आवाज वाढायचा. मागे फिरली की ओसरायचा.

फेरीचा क्रमही तिचा स्वतःचा. आधी ओळीतलं मधलं, पाचवं पिंप, कारण त्यात पिल्लं असायची. मग उलट पावली पहिल्यापाशी, आणि तिथून ओळीनं शेवटपर्यंत.

“अगं, सरळ एकपासून सुरू कर ना. पायाला उगाच हेलपाटा.”

“पिल्लं आधी. तुला नाही मी आधी वाढलं? तेव्हा नाही म्हणालास, हेलपाटा होतो म्हणून!”

सुतारकाकांनी तिला एक स्टूल करून दिलं होतं, बसून काम कर म्हणून. ती कधी बसली नाही. त्यावर बसायचा तडतड्या.

३

पहिले दोन आठवडे तो शेडवर दुपारी जायचा. दहाची वेळ त्याला तिथं नको होती. कुलूप काढायचं, पानं घालायची, झारीनं पाणी शिंपडायचं, रोपं बघायची, निघायचं. पाचव्या पिंपात हात घालताना मात्र तो अजून चाचरायचा. शेवटचं भांडण त्यावरूनच झालं होतं. पिल्लं केवढी झाली ते बघायला त्यानं काठीनं आत ढवळलं होतं, आणि ताईचा आवाज चढला होता. “कात टाकताना ते मातीची एवढीशी खोली करून आत बसतात रे! अंग लोण्यासारखं मऊ असतं तेव्हा. तू त्यांच्या डोक्यावरचं छप्पर उडवलंस!”

तिसऱ्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाला सकाळी रोपं हवी होती, म्हणून तो लवकर आला. रोपं देऊन झाली. ऊन झालं होतं. तो आत येऊन स्टुलावर बसला, पाय दांडीवर वर घेतले आणि भिंतीला डोकं टेकलं. तो आल्यामुळे शेड गप्प होती. नऊच्या नऊ पिंपं मुकी.

थोड्या वेळानं मधल्या पिंपातून आवाज आला. नुसतं पाचवं. बाकी आठ गप्प.

आवाज वाढला, भरला, मिनिटभर तसाच राहिला आणि ओसरला. मग काही नाही. तो श्वास धरून बसला होता, का ते त्याला कळत नव्हतं. मग पहिलं पिंप बोलू लागलं. ते ओसरलं. मग दुसरं. मग तिसरं. पाचव्यापाशी आवाज थांबला नाही, त्याला वळसा घालून सहाव्यात गेला.

नववं पिंप खिडकीखाली होतं. तिथला आवाज बराच वेळ चालला. ताई तिथं खिडकीतून बाहेर बघत दम खायची.

त्यानं खिशातून फोन काढून वेळ बघितली. दहा वाजून एकोणीस मिनिटं.

४

पत्रा तापतो, त्यानं स्वतःला सांगितलं. दहाला ऊन छपरावर येतं, मधला पत्रा जुना आणि पातळ, म्हणून ते पिंप आधी तापतं. किडे ते किडे, ऊब लागली की हलणारच. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसालाही एवढं कळतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं छपरावर ओली पोती अंथरली. दहाला पाचवं पिंप सुरू झालं.

मग त्याच्यातला तडतड्या जागा झाला. त्यानं पिल्लांचं पिंप ओढत ओढत दाराजवळ आणलं आणि त्याच्या जागी दुसरं सरकवलं. बघू आता, म्हणाला मोठ्यानं, आणि रिकाम्या खोलीत बोललो याची त्यालाच धास्ती वाटली.

दहा वाजले. मधलं पिंप गप्प राहिलं. बराच वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी जागेवर थांबून इकडेतिकडे बघत असावं, इतका वेळ. मग त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, दाराजवळच्या त्या पिंपात, खसखस उठली.

त्याच्या मानेवरचे केस ताठ झाले. आपल्याच ताईची भीती वाटावी, याची लाजही वाटली. पण पाय त्यानं दांडीवरून खाली घेतले नाहीत.

दुपारी तो सुतारकाकांपुढे जाऊन बसला.

“काका, एक सांगू? हसायचं नाही.”

“मी तुझ्या लग्नाची बातमी सोडून कशालाच हसणार नाही. सांग.”

त्यानं सांगितलं. काका हसले नाहीत. कानामागची पेन्सिल काढून तिचं टोक बघत बसले.

“झोपतोस का रे तू?”

“झोपतो.”

“जेवतोस?”

“काका, उद्या दहाला या. पाच मिनिटं. नसलं काही तर मी पुन्हा नाव काढणार नाही.”

काका आले. हाताची घडी घालून, पिंपांसमोरच्या चिंचोळ्या वाटेवर मधोमध उभे राहिले. पिल्लांचं पिंप सुरू झालं, ओसरलं. पहिलं सुरू झालं. दुसरं. तिसरं. काका चौथ्यासमोर उभे होते. तिसऱ्यातला आवाज ओसरू लागला तेव्हा त्या जाडजूड माणसानं पोट आत ओढलं, पाठ भिंतीला लावली आणि वाट दिली.

मग चौथं सुरू झालं.

बाहेर आल्यावर काकांनी तोंडावरून हात फिरवला. “माझं दुकान उघडं राहिलंय,” एवढंच म्हणाले आणि गेले. दुकान शेजारीच होतं, आणि त्यात त्यांचा माणूस बसलेला होता.

५

त्या दिवसापासून तो रोज पावणेदहाला यायचा. भीती गेली नव्हती. ती तिच्या जागी होती, पाठीच्या कण्यात, थंड. पण तिच्या शेजारीच दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. सकाळी उठायला आता कारण होतं. पिल्लांचं पिंप त्यानं परत मधे नेऊन ठेवलं, उगाच तिला शोधायला लावलं म्हणून मनातल्या मनात कान पकडून. वाट झाडून ठेवली. पानं आधीच बारीक करून पिंपांच्या काठाशी ढीग लावून ठेवू लागला, तिला वाकायला नको. ताई होती तेव्हा हे एकदाही सुचलं नव्हतं.

महिन्याच्या मध्यावर जागेचे मालक आले. सज्जन माणूस. ताईसाठी दोन शब्द बोलले, डोळे पुसले, आणि मग म्हणाले की मुलाला गाड्या दुरुस्तीचं काम सुरू करायचंय, तेव्हा महिनाअखेरीस जागा मोकळी झाली तर बरं होईल.

पूर्वीचा तडतड्या असता तर भांडला असता. पण तो बरं म्हणाला. दोन गल्ल्या पलीकडे घरामागची अडगळीची खोली होती. आईनं ती दोन दिवस घासली. त्यानं आणि काकांनी नऊ पिंपं जशीच्या तशी उचलली, मातीला काठी लागू न देता, आणि एकेक करून हातगाडीवरून नेली. नऊ खेपा. गाडीच्या फळीवर गादी अंथरलेली, खड्डा आला की काका पुढून ओरडायचे, “हळू! बाळंतीण आहे गाडीत!” पिंपं त्याच क्रमानं ओळीत लावली. पिल्लांचं मधे. खिडकीखाली नववं. ताईनं बघितलं असतं तर म्हणाली असती, अरे वा, तडतड्याला अक्कल आली.

दुसऱ्या दिवशी तो पावणेदहाला स्टुलावर बसला. पाय वर घेतले. दहा वाजले. सव्वादहा. साडेदहा.

काही नाही.

६

तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्याही नाही. बरं, दहाचं सोडा, दिवसभर कधीच आवाज नव्हता. पानं घातली तशी पडून होती, कड कुरतडलेली नाही. तो मूठ पिळून बघायचा. ओल बरोबर. खोली गार, अंधारी, जशी हवी तशी. पण वाणी वर आले होते, पिंपांच्या काठावर गर्दी करून, सगळ्यांची तोंडं दाराकडे. सकाळी बघावं तर खाली जमिनीवर वीस-पंचवीस वेटोळी. हात लावला तर ती उलगडत नव्हती.

पाचव्या दिवशी शंभराच्या वर होती. पिल्लांच्या पिंपाशी सगळ्यात जास्त.

तो तिथंच जमिनीवर बसून रडला. ताई गेली तेव्हा नीट रडला नव्हता. आता पोरासारखा, नाक वाहेपर्यंत. तिनं माघारी ठेवलेली एकच गोष्ट, आणि तीही आपल्या हातून चालली.

आई चहा घेऊन दारात आली. तिला फेरीचं काही ठाऊक नव्हतं. ते त्यानं तिच्यापर्यंत जाऊ दिलं नव्हतं.

“गिऱ्हाईक येऊन परत गेलं म्हणे, जुन्या जागेवर कुलूप बघून,” ती म्हणाली. “असं कसं रे तुझं? इथं आलोय ते सांगितलंस तरी का सगळ्यांना?”

“सांगितलं गं. बागवाल्या बाईंना सांगितलं. शाळेतल्या माळ्याला सांगितलं. काका तर बरोबरच होते. मालकांना...”

तो थांबला.

शाळा सोडली त्या दिवसाची त्याला आठवण झाली. मधल्या सुट्टीत भिंतीवरून उडी मारून तो गेला तो गेलाच, नदीवर. ताई त्याला न्यायला फाटकाशी आली होती. शाळा सुटली, पोरं गेली, शिपायानं कडी लावली, आणि ती अंधार पडेपर्यंत त्या पायावर उभी होती, कारण येतो म्हणालेला भाऊ अजून आला नव्हता. घरी आल्यावर तिनं मारलं नाही. पाय गरम पाण्यात सोडून एवढंच म्हणाली, “जाताना सांगून जात जा रे. मी उभी राहते.”

“काय झालं?” आईनं विचारलं. “असा पांढरा का पडलास?”

“किल्ली द्यायचीय मालकांना,” तो म्हणाला आणि उठला. “आज शेवटचा दिवस.”

७

शेडचं दार त्यानं उघडलं तेव्हा दहाला दोन मिनिटं कमी होती.

खोली रिकामी. जमिनीवर पिंपांचे नऊ गोल डाग, ओलसर, काळे. नेताना सांडलेले थोडे वाणी राहून गेले होते. भिंतीकडेनं, डागांवरून, आपापले चालले होते. सुतारकाकांचं मशीन सुरू होतं. त्याच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तो दारातच थांबला आणि पाचव्या डागाकडे बघत राहिला.

एक वाणी त्या डागाकडे येत होता. मोठा, बोटाएवढा. डागाच्या अलीकडे, जिथं पिंपात पानं घालणारं माणूस उभं राहील तिथं, तो अडखळला. मिशा हलवून त्यानं काहीतरी चाचपलं. मग चढू लागला.

तिथं चढायला काही नव्हतं. साधी, सपाट जमीन होती. पण वाणी वर गेला, बोटभर, दोन बोटं, आणि मग आडवा चालू लागला, हवेतून, सावकाश, पायांची लाट अंगाखालून सरकवत. त्याची सावली खाली जमिनीवर पडलेली दिसत होती, त्याच्यापासून वेगळी. मधे थोडा उंचवटा असावा तसा तो वाकला, आणि पलीकडच्या बाजूनं उतरला.

पाऊल ओलांडावं तसा. पाच दिवस जागचं न हललेलं पाऊल.

पळ, असं तडतड्याचं सगळं अंग सांगत होतं. आयुष्यभर अंगानं सांगितलं तसंच त्यानं केलं होतं. या वेळी त्यानं दाराची चौकट धरून ठेवली.

“ताई,” तो म्हणाला. आवाज मशीनमध्ये बुडून गेला. मग मोठ्यानं, “ताई! इथं नाहीयेत ते. घरी नेलेत मी. सांगायचं राहिलं गं. चल.”

तो वळला आणि चालू लागला. मागे बघितलं नाही. हळू चालला, त्याच्या चालीनं नव्हे. रस्त्याच्या कडेची बाजू मोकळी ठेवली, गाड्यांच्या बाजूनं स्वतः राहिला. सुतारकाकांच्या दुकानासमोर आला तेव्हा काकांनी मान वर केली. त्याच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या मागे दोन हात अंतरावर, खाली, जमिनीकडे बघितलं. मग हात लांब करून मशीन बंद केलं.

गल्ली एकदम शांत झाली. आणि त्या शांततेत त्याच्या मागून आलं ते ऐकून त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. भीतीनंही, आणि तिनं इतकी वर्षं त्या पायानं त्याच्यासाठी घातलेल्या सगळ्या हेलपाट्यांसाठीही.

त्याला विचारायचं होतं. तोंडाशी आलं होतं, तू मला हाक मारलीस का गं? पण दोन गल्ल्या चालायच्या होत्या, आणि चालताना तिला बोललं की दम लागायचा. त्यानं विचारलं नाही.

अडगळीच्या खोलीचं दार त्यानं उघडलं आणि पाठ दाराला लावून, पोट आत ओढून, वाट दिली. उंबरा चढायला तिला वेळ लागायचा. तेवढा वेळ तो उभा राहिला. गार वाऱ्याची झुळूक त्याच्या हातावरून गेली आणि तिला वाळक्या पानांचा वास होता.

काठावरचे वाणी हलले. एकेक करून, मग सगळे, खाली पानांत उतरू लागले.

आधी पिल्लांच्या पिंपातून आवाज आला.

तो आत गेला. आपलं बसायचं स्टूल उचललं, सदऱ्याच्या टोकानं त्यावरची धूळ पुसली आणि पिल्लांच्या पिंपाशेजारी, डाव्या पायाला ताण पडणार नाही अशा बेतानं, नेऊन ठेवलं.